मतदारयादीवर पहारा कोणाचा?

मताचा अधिकार घटनेने दिला, आता तो कोण हिरावून घेणार, अशा समजुतीने आपण स्वस्थ बसलो आहोत. परंतु ज्याचे नाव यादीत नाही, त्याला हा अधिकार असूनही मतदान केंद्रातून रिकाम्या हाताने परत यावे लागते.

हा धोका बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. घटनेच्या मूळ मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी राज्यपालांनी नेमलेले निरनिराळे आयोग योजिले होते. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत दुरुस्ती मांडून सर्व देशासाठी एकच आयोग सुचविला. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीतून वगळले जात आहे, असे मसुदा समितीच्या नजरेस आले होते. हेच कारण त्यांनी सभागृहापुढे ठेविले. आजचे ३२४ वे कलम त्यातून सिद्ध झाले. धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही, असे ३२५ वे कलम सांगते.

तथापि यादी करणारे हात सरकारी नोकरांचेच असतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ते त्या कामापुरते आयोगाच्या शिस्तीखाली येतात, इतकेच. म्हणून या कामावर नागरिकांचीही नजर हवी.

बिहारचे उदाहरण पाहा. २०२५ साली तेथे संबंध राज्याची यादी नव्याने तपासली गेली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. मृत, स्थलांतरित व दुबार नावे गेली, असे आयोगाचे म्हणणे होते. यादी शुद्ध असावी, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु कोणाचे नाव कोणत्या कारणाने गेले, हे लोकांना कळलेच नाही तर चूक सुधारावी कशी? १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, तो याचसाठी.

आपली पुष्कळ कुटुंबे पोटासाठी गाव सोडून शहरांच्या वस्त्यांत राहतात. घर बदलते, आणि नाव ना गावात राहते, ना शहरात लागते. गाव सोडल्याच्या कारणावरून नाव काढण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, असा कायदा आहे. निर्णय विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे व त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते. नव्या नावासाठी नमुना ६ व पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आहे.

म्हणून प्रारूप यादी लागताच वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी ती घरोघर वाचून दाखवावी. म्हातारी माणसे, सासरी आलेल्या मुली व नुकतीच अठरा वर्षे पुरी झालेली मुले यांची नावे आधी पाहावीत. जे नाव गळाले असेल त्याचे कारण लेखी मागावे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे काम आजच हाती घेतलेले बरे.