गुळण्यांचं औषध आणि शेजारची सारखी बाटली

३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी नावाचं गाव आहे. तिथे पाच वर्षांखालच्या बारा मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. एका मुलाला उलटी झाली आणि मग चूक उघडकीस आली. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवलं. सुदैवाने सगळी सुखरूप राहिली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

माझा दवाखाना ठाणे पूर्वेच्या कोपरीत आहे. बातमीतलं गावाचं नाव ऐकून त्या आठवड्यात दोन-तीन आयांनी घाबरून विचारलं होतं, "डॉक्टर, आपल्याच कोपरीत झालं का हो?" नाही, ते गाव विदर्भातलं. पण आपल्या घरातल्या बेसिनवरच्या कपाटात हीच चूक सहज होऊ शकते, आणि होतेही.

कोविडच्या काळात घराघरांत गुळण्यांच्या औषधाची बाटली आली आणि ती राहूनच गेली. माउथवॉशने कोविड टळतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं. तरी घसा खवखवला की बाटली काढायची, ही सवय टिकली.

सर्वात जास्त घोळ होतो तो तपकिरी औषधाचा, म्हणजे पोव्हिडोन-आयोडीनचा. गुळण्यांसाठी मिळतं ते साधारण २ टक्क्यांचं. जखमेवर लावायचं असतं ५ किंवा १० टक्क्यांचं. रंग तोच, बाटली तशीच, कित्येकदा ब्रँडचं नावही तेच. माझ्याकडे एक आजोबा तोंड भाजल्यासारखं होतंय म्हणून आले. नातवाच्या गुडघ्याला लावायला आणलेल्या बाटलीने त्यांनी चार दिवस गुळण्या केल्या होत्या. चष्मा मात्र खिशातच होता!

दुसरा घोळ क्लोरहेक्सिडीनचा. डेंटिस्ट हिरड्यांसाठी किंवा दात काढल्यावर लिहून देतात ते माउथवॉश बहुधा ०.२ टक्क्यांचं असतं. पण जखम धुवायच्या काही अँटिसेप्टिक लिक्विडमध्येही क्लोरहेक्सिडीनच असतं, सोबत सेट्रिमाइड नावाचं दुसरं रसायन मिसळलेलं. ते तोंडात घ्यायचं नसतं. म्हणून औषधाचं नाव ओळखीचं वाटलं तरी तेवढ्यावर थांबू नका. बाटलीवर 'माउथवॉश' किंवा 'गार्गल' असं लिहिलेलं आणि किती टक्के, हे दोन्ही पाहा. औषध रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नका.

आता वापरायचं कसं, ते बघू. क्लोरहेक्सिडीन सहसा १० मिली, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं. पाणी घालायचं की नाही ते लेबलप्रमाणे किंवा डेंटिस्ट सांगतील तसं. पुष्कळ जण दात घासले की लगेच माउथवॉश घेतात. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे या औषधाचा जोर कमी होतो, त्यामुळे मध्ये अर्ध्या तासाचं अंतर हवं. थुंकल्यावर लगेच पाण्याने चूळ भरू नका, नाहीतर औषध धुऊन जातं. अर्धा तास चहाही नको. क्लोरहेक्सिडीनने दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, चहा-कॉफीने ते वाढतात. जिभेची चवही काही दिवस बदलते. हे घाबरण्यासारखं नाही, डाग डेंटिस्ट साफ करून देतात. पण याच कारणाने हे औषध एक-दोन आठवड्यांचं असतं. किराणा सामानासारखं दर महिन्याला आणायचं नाही.

क्वचित कुणाला क्लोरहेक्सिडीनची तीव्र ॲलर्जी येते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. गुळणीनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला, ऑपरेशनच्या आधी तर नक्कीच, ही ॲलर्जी सांगा, कारण ऑपरेशनआधी त्वचा स्वच्छ करायलाही हेच औषध वापरतात.

आयोडीनच्या गुळण्यांबाबत थायरॉइडचे पेशंट, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी आधी विचारून घ्यावं. आयोडीन तोंडातूनही थोडं शरीरात शोषलं जातं. ज्या मुलांना गुळणी करून थुंकता येत नाही, त्यांना कुठलंही माउथवॉश नको. त्यांना "जरासं दे, काय होतंय" म्हणणाऱ्या आजीला माझं नाव सांगा.

चुकून गिळलंच तर? मोठ्या माणसाच्या पोटात माउथवॉशचा एखादा घोट गेला तर बहुतेक वेळा मळमळीपलीकडे काही होत नाही. लहान मुलाचं तसं नाही. सॅनिटायझरमध्ये आणि काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, त्याने लहान मुलांच्या रक्तातली साखर एकदम उतरू शकते. मूल सुस्त वाटलं तर झोपू देऊन वाट पाहू नका. बोटं घालून उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. सरळ रुग्णालयात या आणि ती बाटली सोबत आणा. बाटली समोर असली की आमचा अर्धा वेळ वाचतो.

आणखी एक गोष्ट. मिश्री लावणारे, तंबाखू-गुटखा खाणारे बरेच जण तोंडाचा वास घालवायला माउथवॉश वापरतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या टेबलासमोर तो रोज दिसतो. वास जातो, पण आतला पांढरा किंवा लाल चट्टा तिथेच असतो. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला कोणताही व्रण माउथवॉशने बरा करत बसू नका, तो डेंटिस्टला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. तोंड पूर्ण उघडत नसेल तर तेवढीही वाट पाहू नका.