लाखोळी, ग्लुटामेट आणि मन

भंडारा जिल्ह्यात धान निघण्याआधी ओलसर बांधीत लाखोळी हे कडधान्य टाकतात. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. दोष तिच्यातल्या ओडॅप या अमिनो आम्लाचा. मेंदूत संदेश वाहणाऱ्या ग्लुटामेट या अमिनो आम्लाशी त्याचे साम्य असते आणि त्यामुळे ते चेतापेशींना अति उत्तेजित करते.

हेच ग्लुटामेट या अंकाचा विषय आहे. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची प्रचलित औषधे मुख्यतः डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहकावर काम करतात. भास-भ्रम ओसरतात, पण हरवलेली उमेद सहसा परतत नाही. केटामिन हे भुलीचे औषध ग्लुटामेटचा एनएमडीए हा ग्राहक (रिसेप्टर) रोखते, तेव्हा निरोगी माणसातही या आजाराशी मिळतीजुळती लक्षणे तात्पुरती दिसतात. म्हणून संशोधक या ग्राहकाला साथ देणाऱ्या ग्लायसीन आणि डी-सेरीन या अमिनो आम्लांकडे वळले. चाचण्यांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत.

लाखोळीने स्किझोफ्रेनिया होत नाही आणि प्रथिनांच्या डब्याने तो बराही होत नाही. पण हा मेंदूचा आजार आहे, करणी नव्हे, एवढे घरच्यांना पटले तरी रुग्ण मांत्रिकाऐवजी डॉक्टरकडे वेळेत पोचेल. पहिली विचारपूस करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

— संपादक