जुन्या वाड्याची गळकी खिडकी

त्र्यंबकेश्वरात पाऊस वरून पडतो तितकाच आडवाही येतो. नाशिक शहर तेथून जेमतेम ३० किलोमीटर. परंतु ब्रह्मगिरीच्या पायथ्याचा पाऊस आणि नाशिकच्या बाजारपेठेतला पाऊस यांची बरोबरी होत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अडलेले ढग आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस गावावर उतरून राहतात, वारा कड्यांवर आपटून गल्लीबोळांत शिरतो, आणि ज्या भिंतीला आजवर पाणी लागले नव्हते तीही एखाद्या रात्री ओली होते. जुन्या घरांची उतरती छपरे, पुढे काढलेल्या वळचणी, जाड भिंती आणि लहान खिडक्या ही सारी या पावसाशी केलेली तडजोड आहे. त्या तडजोडीत खिडकीचे काम सर्वांत अवघड. भिंतीने केवळ पाणी अडवायचे असते; खिडकीने वेळेला उघडायचेही असते आणि मिटली की पुन्हा भिंत व्हायचे असते.

अशाच एका वाड्यात दोन भाऊ राहतात. खाली धाकट्यांचे कापडाचे दुकान व मागे मालाची खोली. वरच्या मजल्यावर थोरल्यांचे बिऱ्हाड. वाटणी वडिलांच्या हयातीतच झाली आणि तीही तंटा न होता. वाटणीपत्रात जिना सामाईक, आड सामाईक, छप्पर व बाहेरच्या भिंती सामाईक, असे नीट लिहिलेले आहे. खिडक्यांविषयी आणि त्यांच्या छज्ज्यांविषयी कोणी काही लिहिले नाही. वरच्या खोलीची पश्चिमेकडची सागवानी खिडकी थोरल्यांच्या वाट्यात आली, आणि तिच्या बरोबर खाली धाकट्यांच्या साड्यांचे गठ्ठे.

पहिल्या वर्षी तक्तपोशीतून पाणी ठिबकले तेव्हा धाकट्यांनी गठ्ठे सरकवले. दुसऱ्या वर्षी घमेले ठेवले. तिसऱ्या वर्षी मात्र ते बोलून गेले, "दादा, तुमच्या खिडकीचे पाणी माझ्या मालावर येते." थोरल्यांना पाण्यापेक्षा 'तुमच्या' हा शब्द अधिक लागला. त्यांनी काही उत्तर दिले नाही. पुढच्या वैशाखात जुनी खिडकी चौकटीसकट काढवली, ती माळ्यावर टाकली आणि स्वतःच्या खर्चाने ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. आषाढ लागून आठ दिवस झाले नाहीत तोच पाणी पुन्हा आले, आणि पूर्वीपेक्षा अधिक आले.

आता थोरल्यांच्या मते त्यांनी आपले कर्तव्य केले होते. धाकट्यांच्या मते काम स्वस्तात उरकले होते. क्षमापनेच्या दिवशी दोघांनी एकमेकांना हात जोडले. खिडकीचा विषय त्या दिवशीही कोणी काढला नाही.

व्यापारी घराने येथे आणखी एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. मालावर बँकेचे कर्ज घेतलेले असते आणि दरमहा मालसाठ्याचे पत्रक पाठवावे लागते. त्या पत्रकात डाग पडलेली साडी कोऱ्या साडीच्या खरेदीभावानेच धरली जाते, कारण पत्रक भरणारा हात सवयीने चालतो. पाणी कोणाच्याही वहीत दिसत नाही. ते दिसते वर्षाखेरीस, नफा का घटला याचे उत्तर सापडत नाही तेव्हा. विम्यावर विसंबण्यातही अर्थ नसतो. वादळ आणि पूर यांचे संरक्षण घेतलेल्या विम्यातही महिनोन्महिने झिरपणाऱ्या पाण्याचे नुकसान सामान्यतः बसत नाही; देखभालीतील हयगय म्हणून दावा परत येतो.

दिवाळीला धाकट्यांचा मुलगा सुट्टीवर आला. तो गोव्यात बोटी बांधणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या एका लहान कारखान्यात नोकरीला आहे. कापडाच्या पेढीवर न बसता मुलगा बोटींकडे गेला, याची घरात काहीशी खंत होती. गोव्यातील या धंद्याला अलीकडे मोठे नाव मिळाले आहे. दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता पुरी केली. तेथेच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. परंतु अशा कारखान्यांचे रोजचे पोट नव्या नौकांवर भरत नाही. ते भरते जुन्या बोटींच्या गळत्या काढण्यावर.

मुलाने नुकतेच असे एक काम हातावेगळे केले होते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची शिडाची बोट, तिच्या खोलीला दोन्ही अंगांनी उघडणाऱ्या लहान लंबगोल खिडक्या. अशा खिडक्यांना तेथे पोर्टलाइट म्हणतात. त्या नसतील तर आपल्याकडच्या उन्हात बोटीची खोली भट्टी होते, आणि असल्या तर समुद्राचे पाणी त्यांच्याशी रोज झुंजते. बोटीला ना वळचण ना छज्जा. लाट थेट काचेवर येते. मालकाच्या बिछान्याची गादी दर सफरीला भिजत असे, आणि दर सफरीनंतर तो बाहेरून सिलिकॉनचा एक नवा थर लावी.

कारखान्यात पहिला संपूर्ण दिवस ते सिलिकॉन खरवडण्यात गेला. सिलिकॉनचा अंश जेथे राहतो तेथे दुसरे काही चिकटत नाही, रंग नाही, दुसरा लेप नाही, आणि नवे सिलिकॉनसुद्धा नीट नाही. त्यानंतर खिडकी खरोखर दोषी आहे का, याची परीक्षा. खिडकीच्या कडेला खडू लावायचा, ती मिटून कड्या आवळायच्या आणि उघडून पाहायचे: रबराच्या पट्टीवर खडूची रेघ अखंड उमटली तर मिटणी चांगली; जेथे रेघ तुटली तेथे पाण्याला वाट आहे. रबर केवळ कडक झाले असेल तर रबर बदलून भागते. चौकटच वाकली असेल, किंवा उन्हाने प्लास्टिकला बारीक तडे गेले असतील, तर नवे रबर घालणे हा व्यर्थ खर्च. त्या बोटीच्या खिडक्यांना तडे गेलेले होते, म्हणून त्या बदलणे भागच होते.

परंतु चौकटी निघाल्यावर खरी गोष्ट उघडकीस आली. या बोटींची भिंत फायबरग्लासच्या दोन पातळ पापुद्र्यांची असते आणि मध्ये बाल्सासारखे हलके लाकूड भरलेले असते. पाणी काचेजवळून येतच नव्हते. ते स्क्रूंच्या छिद्रांतून त्या लाकडात शिरत होते, आतल्या आत चालत जात होते आणि चार-सहा फुटांवर भलतीकडेच बाहेर पडत होते. लाकूड काळे पडून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते. नवी खिडकी त्यावरच बसवली असती, तर ती पहिल्या दिवशी सुंदर दिसली असती आणि स्क्रू कुजलेल्या लाकडात फिरत राहिले असते. म्हणून छिद्राच्या कडेने बोटभर लाकूड कोरून काढले, भिंत कित्येक दिवस वाळू दिली, पोकळीत दाट इपॉक्सी भरले, ते टणक झाल्यावर त्यातूनच नवी छिद्रे पाडली. पुढे कधी लेप सुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. चौकट बसवतानाही स्क्रू एका दमात आवळले नाहीत. तसे केले की सारा लेप बाहेर पिळून निघतो आणि सांध्यात काही उरत नाही. अर्धे आवळून थांबायचे, लेप धरू लागला की उरलेले.

नावेच्या छिद्राचा दृष्टांत या मासिकाच्या वाचकांना नवा नाही. आस्रव म्हणजे छिद्रातून येणारे पाणी, संवर म्हणजे छिद्र बुजवणे, निर्जरा म्हणजे साचलेले पाणी उपसणे, हे पाठशाळेतील मुलेही सांगतात. त्यातला क्रम मात्र व्यवहारात सहसा उलटतो. घमेली भरत राहतात आणि छिद्र कोठे आहे हे कोणी पाहत नाही.

मुलाने काकांकडे रबरी नळी मागितली. थोरले प्रथम नाराज झाले. नव्या खिडकीची परीक्षा म्हणजे आपलीच परीक्षा, असे त्यांना वाटले असावे. तरीही त्यांनी नळी दिली आणि स्वतःच शिडी धरली. धाकटे खाली मालाच्या खोलीत बॅटरी घेऊन उभे राहिले. पाणी खालून वर जात मारायचे, हा या परीक्षेचा नियम. वरून आरंभ केला तर सारेच भिजते आणि काही कळत नाही. आधी खिडकीखालची भिंत, दहा मिनिटे, काही नाही. मग खालची पट्टी. आतल्या रुळात पाणी साचू लागले, कारण सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेर पाणी जाण्यासाठी जी छिद्रे असतात ती बसवणाऱ्याने सुरक्षिततेच्या भरात सिलिकॉनने बुजवली होती. हा दोष होता, पण खाली अजून ठिबकत नव्हते. मग दोन्ही बाजू, मग काचा, मग माथा. शेवटी नळी छज्ज्याच्या वर, जेथे छज्जा भिंतीला मिळतो तेथे धरली. थोड्याच वेळात खालून आवाज आला, "आले, दादा, आले!"

छज्जा मूळचा नव्हता. कधीकाळी वडिलांनी सिमेंट-काँक्रीटचा जोडून घेतला होता. चुन्याची जुनी भिंत आणि काँक्रीट उन्हापावसात सारखे हालत नाहीत. त्यांच्या सांध्यात केसाएवढी भेग पडली होती. पाणी त्या भेगेतून भिंतीत, भिंतीतून चौकटीच्या माथ्यावर, तेथून कडेने खाली आणि तक्तपोशीत उतरत होते. जुनी सागवानी चौकट होती तोवर त्यातले बरेचसे पाणी तिच्या उतरत्या उंबऱ्यावरून बाहेर निघून जाई. ती काढून फटी सिमेंटने आणि बाहेरची कड सिलिकॉनने गच्च केल्यावर पाण्याला बाहेरची वाटच उरली नाही. सगळे आत आले. जुनी खिडकी निर्दोष ठरली तेव्हा ती माळ्यावर पडून होती.

दुरुस्ती माघात झाली, कारण भिंत तोवर वाळू द्यायची होती. या बाबतीत घाई करणारे गवंडी पुष्कळ भेटतात. ओल्या भिंतीवर लेप लावून ते दुसऱ्या दिवशी पैसे मागतात. येथे सांधा खाच पाडून मोकळा केला, धूळ झाडली, आत फोमची दोरी बसवली आणि वरून लवचीक पॉलीयुरेथेन सीलंट भरले. त्यावर, गवंडी ज्याला वाटा म्हणतात, तो तिरका गोलसर लेप दिला. छज्ज्याच्या खालच्या अंगाला पुढच्या कडेपासून बोटभर आत एक खाच कोरली, म्हणजे पाणी उलटे भिंतीकडे न सरकता तेथेच तुटून पडेल. चौकटीभोवतीचे सिमेंट काढून चुना भरला आणि खालच्या पट्टीला बाहेर उतार दिला. रुळाची छिद्रे सुईने मोकळी केली. सिलिकॉनच्या बाबतीत मुलाने एक गोष्ट बजावली: ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते चुना, सिमेंट व धातू यांच्याजवळ वापरू नये, त्यासाठी वेगळ्या, उदासीन प्रकारचे मिळते. सागवानी खिडकीची फक्त खालची पट्टी कुजली होती. सुताराने तेवढीच बदलली आणि ती आता मागच्या खोलीला लागली आहे. उन्हाळ्यात लाकूड आकसलेले असते, म्हणून कवाडांना दोन सूत फट मुद्दाम ठेवली. ती ठेवली नाही तर श्रावणात खिडकी उघडता येत नाही.

हे सारे करायला एक पावसाळा पाहण्यासाठी आणि एक हिवाळा दुरुस्तीसाठी लागतो. त्र्यंबकेश्वरात ज्यांची घरे आहेत त्यांना सध्या हा हिशेब अधिक निकडीचा आहे. सिंहस्थाची अमृतस्नाने २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर या दिवशी, म्हणजे ऐन पावसात आहेत. २०१५ चा सिंहस्थही ऑगस्ट-सप्टेंबरातच होता. घराघरांत पाहुणे उतरतील, खोल्या भाड्याने जातील, आणि रंगरंगोटीसाठी आतापासून दर विचारले जात आहेत. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पहिल्या स्नानापर्यंतही टिकणार नाही.

राहिला प्रश्न पैशांचा. मोडलेले पूर्वस्थितीला आणणे ही चालू दुरुस्ती आणि नवी सोय उभारणे हा भांडवली खर्च, एवढा भेद दुकानदारांना त्यांचे हिशेबनीस सांगतातच. दुकानाच्या वहीत दुरुस्तीचा भाग त्याप्रमाणे गेला. परंतु भावाभावांच्या वहीचे तसे नव्हते. धाकट्यांचे म्हणणे, माल माझा वाचला, खर्च माझा. थोरल्यांचे म्हणणे, खिडकी माझी. दोघेही आता देण्यासाठी भांडत होते, पण भांडण ते भांडणच. अखेर वाटणीपत्र काढले गेले. भेग खिडकीत नव्हती, छज्जा व भिंत यांच्या सांध्यात होती. आणि बाहेरच्या भिंती सामाईक आहेत, हे वडिलांनी तेथे लिहूनच ठेवले होते. खर्च निम्मा-निम्मा झाला. ॲल्युमिनियमच्या खिडकीचे पैसे मात्र थोरल्यांनी कोणाकडे मागितले नाहीत.

पुढच्या आषाढात पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री धाकटे मालाच्या खोलीत दोनदा जाऊन आले. वरून थोरल्यांनीही दोनदा विचारले. गठ्ठे अजून भिंतीपासून हातभर दूरच ठेवलेले आहेत. वाटणीपत्राच्या नकलेवर 'छप्पर सामाईक' या ओळीपुढे कोणीतरी पेन्सिलीने 'छज्जेही' असे लिहिले आहे; अक्षर थोरल्यांचे दिसते.