दोघांचे घर



घर सजविण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा नवविवाहितांचे घर उभे राहते. पडद्यांचा रंग कोणता असावा, दिवाण कोठे ठेवावा, भिंतीवर कोणते चित्र शोभेल, या चर्चा तरुण वयातच कराव्यात असा आपला समज असतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. नोकरी-व्यवसायाच्या काळात माणूस दिवसाचे आठ-दहा तास घराबाहेर असतो. सत्तरीनंतर मात्र दिवसाचा बहुतेक वेळ त्याच दोन-तीन खोल्यांत जातो. घराच्या मांडणीचा, त्यातील उजेडाचा आणि आवाजाचा प्रकृतीवर सर्वाधिक परिणाम होतो तो याच वयात.

या विषयाची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. वार्धक्य पतिपत्नींच्या वाट्याला सारख्याच रूपाने येत नाही. एकाचे कान मंदावतात, तर दुसऱ्याची दृष्टी. एकाचे गुडघे दुखतात, तर दुसऱ्याला रात्री तीनदा उठावे लागते. एकाला पंखा पूर्ण वेगाने हवा असतो, तर दुसऱ्याला शाल पांघरूनही थंडी वाजते. चाळीस-पन्नास वर्षे एका छपराखाली काढलेल्या दोन माणसांच्या गरजा अशा भिन्न होत जातात, आणि मग पंख्यावरून, दूरदर्शनच्या आवाजावरून, दिव्यावरून कुरबुरी सुरू होतात. वरवर त्या क्षुल्लक दिसतात, पण त्यांतूनच दोघे हळूहळू निरनिराळ्या खोल्यांत बसू लागतात, एकमेकांशी बोलणे कमी होते आणि घरात माणूस असूनही एकटेपणा वाढतो. म्हणून आजच्या लेखात घराचा विचार ‘दोघांचे घर’ या दृष्टीने करू.

उजेड आणि रंग

प्रथम उजेडाविषयी. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतील भिंग पिवळसर व काहीसे गढूळ होते. परिणामी साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या तुलनेने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ‘आमच्या घरात भरपूर उजेड आहे’ असे मुलगा किंवा सून म्हणते, ते त्यांच्या डोळ्यांपुरते खरे असते. वडीलधाऱ्यांना त्याच खोलीत संध्याकाळ लवकर झालेली असते.

यावर उपाय केवळ मोठा दिवा लावणे हा नव्हे. उघडा, डोळ्यांत घुसणारा प्रकाश वृद्ध डोळ्यांना अधिक त्रास देतो, आणि गुळगुळीत चकचकीत फरशीवरून परावर्तित झालेला झगझगाटही तितकाच त्रासदायक ठरतो. खोलीत सर्वत्र सारखा, झाकलेला प्रकाश असावा. वाचनाच्या, भाजी निवडण्याच्या आणि औषधे ठेवण्याच्या जागी मात्र स्वतंत्र दिवा असावा. उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर डोळ्यांना सरावण्यास या वयात अधिक वेळ लागतो, म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्री पायांपाशी मंद दिवा जळता ठेवावा. एकाला अंधाराशिवाय झोप येत नसेल, तर चाहूल लागताच लागणारा आणि आपोआप विझणारा छोटा दिवा दोघांचीही सोय करतो.

रंगांची निवड सौंदर्यापुरती मर्यादित नसते. भिंगाच्या पिवळेपणामुळे निळ्या आणि हिरव्या छटांतील फरक ओळखणे अवघड होते. जवळच्या दोन वस्तूंचे रंग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असणे हे येथे महत्त्वाचे. पांढऱ्या फरशीवरील पांढरी पायरी दिसत नाही, म्हणून तिच्या कडेला गडद रंगाची पट्टी असावी. उंबरठ्याचेही तसेच. पांढऱ्या ताटलीतील दहीभात नीट दिसत नाही, तर रंगीत ताटलीत तो उठून दिसतो आणि अधिक रुचीने खाल्ला जातो. घरात स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती असेल, तर फिकट फरशीवरील काळपट सतरंजी तिला खड्ड्यासारखी वाटू शकते आणि नक्षीदार गालिच्यावरील फुले ती उचलायला वाकू शकते. अशा घरात एकरंगी, साधी जमीनच उत्तम.

बैठक आणि वाट

दिवाळीच्या सुट्टीत मुले येतात, जुनी लाकडी खुर्ची अडगळीत टाकतात आणि प्रेमाने नवा मऊ सोफा आणून ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्या खोल, बुटक्या सोफ्यातून उठताना आईचे गुडघे आणि वडिलांची कंबर दोन्ही पणाला लागतात. उठता येत नाही म्हणून माणूस उठणे टाळतो, आणि उठणे टाळल्याने मांड्यांचे स्नायू आणखी क्षीण होतात. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील, गुडघे साधारण काटकोनात राहतील, बैठक घट्ट असेल आणि दोन्ही बाजूंना हात टेकवून उठता येईल अशी खुर्ची हवी. पतिपत्नींच्या उंचीत फरक असतो, म्हणून दोघांसाठी एकाच मापाची खुर्ची न घेता प्रत्येकाची स्वतंत्र असावी. ‘यांची खुर्ची’ आणि ‘हिची खुर्ची’ ही आपल्या घरांतील जुनी पद्धत आरोग्यदृष्ट्याही शहाणपणाची आहे.

खुर्च्यांची दिशाही पाहावी. दोन्ही खुर्च्या दूरदर्शन संचाकडे तोंड करून शेजारी-शेजारी मांडल्या, तर ऐकण्यास कमी येणाऱ्याला जोडीदाराचा चेहरा दिसत नाही. त्या किंचित कोन साधून मांडाव्यात, म्हणजे संचही दिसेल आणि बोलणाऱ्याचे ओठही.

चालण्याच्या वाटेवर सुटी पायपुसणी, लोंबत्या वायरी, बुटके टीपॉय नसावेत. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसविलेला आधाराचा दांडा असावा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतो, हे घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावे. पलंगावरून उठताना एक मिनिट कडेला बसून मगच उभे राहावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर पडण्याचा धोका वाढतो आणि चालू औषधांचा फेरविचार करण्यासाठी वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो.

पंख्याच्या वादावर साधा तोडगा आहे. छताचा पंखा मंद ठेवावा आणि ज्याला उकडते त्याच्या बाजूला छोटा टेबलपंखा ठेवावा. पांघरुणेही स्वतंत्र असावीत. एखाद्याला अलीकडेच थंडी अधिक वाजू लागली असेल, तर तो केवळ स्वभाव समजू नये. रक्तक्षय किंवा थायरॉइडची मंदता त्यामागे असू शकते, आणि रक्ताच्या साध्या तपासणीतून ती कळते.

पोशाख आणि टापटीप

‘आता या वयात कशाला नटायचे?’ हा उद्गार आपण अनेकदा ऐकतो. त्यातील विरक्ती खरी असेल तर तिचा आदर करावा. पण पुष्कळदा त्यामागे वेगळेच कारण असते. बोटांच्या संधिवातामुळे ब्लाउजचे हूक लागत नाहीत, शर्टाच्या काजात बटण जात नाही, निऱ्या घालताना तोल जातो. ते सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून माणूस ‘मला हौसच उरली नाही’ असे म्हणतो. हुकांच्या जागी दाबबटणे किंवा चिकटपट्टी, नाडीऐवजी इलॅस्टिक, घोट्याच्या वर राहील एवढ्या लांबीचा परकर वा गाऊन, बसून पायजमा चढविण्यासाठी एक घट्ट स्टूल, एवढ्यावर बहुतेक अडचणी सुटतात. स्वयंपाक करताना पदर खोचलेला असावा. सैल सपाता आणि गुळगुळीत फरशीवरील मोजे घसरण्याचे कारण होतात, म्हणून टाच धरून ठेवणारी, खरखरीत तळाची पादत्राणे घरातही वापरावीत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी. आयुष्यभर रोज दाढी करणारे, इस्त्रीचा सदरा घालणारे गृहस्थ किंवा वेणीफणीविना दाराबाहेर न पडणाऱ्या बाई अचानक अजागळ राहू लागल्या, तर तो आळस समजून रागावू नये. उदासीनतेचा आजार किंवा विस्मृतीची सुरुवात अशीच प्रकट होऊ शकते. त्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. आणि ज्यांना अजून गजऱ्याची, अत्तराची, मनगटावरील जुन्या घड्याळाची आवड आहे, त्यांना ती मनमुराद जपू द्यावी.

करमणूक आणि कान

आज ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांचे बालपण आकाशवाणीच्या सान्निध्यात गेले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये सुरू झाले. त्यातील छप्पन्न गीतांनी घरोघरी आठवड्याचा दिवस ठरवून दिला. १९५७ मध्ये विविध भारती आली, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. ही आवड निव्वळ जुन्याचे वेड नव्हे. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयात सर्वांत ठळक राहतात, असे स्मृतीच्या अभ्यासात आढळले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही तरुणपणीची गाणी पुष्कळदा ओळखता येतात आणि गुणगुणता येतात. दुपारची कंटाळवाणी किंवा संध्याकाळची बेचैन वेळ अशा संगीताने निभावते.

अडचण येते ती आवाजाची. वयाबरोबर प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने त्यात मोडतात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार असते. आवाज वाढविल्याने शब्द स्पष्ट होतातच असे नाही, मात्र शेजारी बसलेल्या जोडीदाराला तो असह्य होतो. मग एक जण बातम्या बाहेरच्या खोलीत पाहतो आणि दुसरी मालिका आतल्या खोलीत.

याबाबत क्रम असा ठेवावा. प्रथम कानातील मळ तपासून घ्यावा, कारण तेवढ्यानेही फरक पडू शकतो. नंतर श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्र सुचविले गेल्यास ते टाळू नये. मेंदूला त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या चार दिवसांत ते कपाटात ठेवून देऊ नये. बहिरेपण ही स्मृतिभ्रंशाच्या धोक्यात भर घालणारी, पण उपाय करता येण्याजोगी बाब आहे, असे ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत नमूद केले आहे. तोवर कमी ऐकणाऱ्याने बिनतारी हेडफोन लावावा, म्हणजे दोघेही एकाच खोलीत, आपापल्या सोयीच्या आवाजात एकच कार्यक्रम पाहू शकतात. बोलताना संच बंद करावा, समोर यावे, ओरडण्याऐवजी सावकाश बोलावे.

आवडी भिन्न असतील तर त्या बळेच एक करू नयेत. तिची मालिका, त्यांचे क्रिकेट, आणि दोघांचे मिळून एक काहीतरी, मग ते शब्दकोडे असो, पत्त्यांचा डाव असो वा रात्री झोपण्यापूर्वीचे नाट्यसंगीत, अशी वाटणी पुरेशी असते.

दोघांसाठी, आणि एकासाठीही

जोडीदारांपैकी एक आजारी असतो, तेव्हा दुसऱ्याची करमणूक सर्वांत आधी संपते. ‘यांना एकटे सोडून भजनाला कशी जाऊ?’ असे म्हणत ती घरी थांबते, आणि वर्षभरात तिचीही प्रकृती ढासळते. मुलांनो, आईवडिलांना पैसे किंवा वस्तू पाठविण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन तास तुम्ही स्वतः किंवा विश्वासू माणूस त्यांच्याजवळ बसवा, आणि शुश्रूषा करणाऱ्याला ज्येष्ठ नागरिक संघात, देवळात, नाटकाला जाऊ द्या. मार्गदर्शन हवे असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही विनामूल्य राष्ट्रीय साहाय्य-दूरध्वनी सेवा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण ती टाळली जाते. दोघांच्या घरात कामांची वाटणी इतकी पक्की झालेली असते की एक गेल्यावर दुसऱ्याला स्वतःच्याच घरात परक्यासारखे वाटते. त्यांना चहापत्ती कोणत्या डब्यात असते ते ठाऊक नसते. तिला वीजबिल कसे भरतात, बँकेची पुस्तके कोठे आहेत, रेडिओवर आवडते केंद्र कसे लावतात हे माहीत नसते. दोघेही धडधाकट असताना ही कामे एकमेकांना शिकवावीत. त्यात अशुभ काही नाही. आपल्यामागे जोडीदाराची आबाळ होऊ नये, याची ती तजवीज आहे.

या पंधरवड्यात एवढे करा

एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, दोघांनी मिळून घरातून सावकाश फेरी मारावी. जेथे पाय अडखळतो, जेथे दिसत नाही, जेथे आधारासाठी हात भिंतीकडे जातो, त्या जागा कागदावर लिहाव्यात. त्यांतील पहिल्या तीन आधी दुरुस्त कराव्यात. मुलांनी बदल करण्यापूर्वी आईवडिलांना विचारावे, आणि विस्मृती असलेल्या घरात एका वेळी एकच बदल करावा. शेवटी, त्याने तिला आपले एक काम शिकवावे आणि तिने त्याला आपले एक. सुरुवात चहापासून केली तरी चालेल.