जेवणाचं तिकीट

परवा मावसबहिणीचा फोन आला होता. बोलता बोलता तिने जेवणाचा एक किस्सा सांगितला आणि तो काही डोक्यातून जाईना. आज शनिवार, रिलीज नाही, म्हटलं लिहूनच टाकू.

ही आमची बहीण किन्हीराजाची. (वाशीम जिल्हा, तालुका मालेगाव. नाशिककडचं मालेगाव नव्हे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं.) सध्या अमेरिकेत बायोफिजिक्समध्ये पीएचडी करतेय. पेशीच्या पडद्यातली प्रोटीन्स गोठवायची आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांचा आकार शोधायचा, असं तिचं काम. मला कळलं तेवढं हे असं.

या लोकांची अमेरिकेत बायोफिजिकल सोसायटी नावाची मोठी संस्था आहे, १९५८ पासूनची. दर वर्षी फेब्रुवारीच्या आसपास तिचं अधिवेशन भरतं. २०२४ साली फिलाडेल्फियाला झालं, २०२५ साली लॉस एंजेलिसला. हजारो माणसं येतात. एवढ्या जत्रेत आपल्याच विषयाची माणसं सापडणार कशी? म्हणून सबग्रुप. पडद्यावर काम करणाऱ्यांचा वेगळा, पेशीतल्या ऊर्जेवाल्यांचा वेगळा, क्रायो-ईएमवाल्यांचा वेगळा. पहिला शनिवार या सबग्रुप्सचा. दिवसभर भाषणं आणि संध्याकाळी त्यातल्या बऱ्याच जणांचं एकत्र जेवण. जेवणाचं तिकीट वेगळं काढायचं. अशी पद्धत आता बऱ्याच परिषदांत आहे.

तर बहीण पहिल्यांदा अशाच एका परिषदेला गेली. जेवणाच्या तिकिटाचे डॉलर बघितले, मनातल्या मनात रुपये केले (ऑनसाईटला पहिला महिना आपण सगळेच करतो), आणि खोलीवर जाऊन घरून आलेला चिवडा खाल्ला. प्रवासासाठी मिळालेल्या पैशांत विमान बसत होतं, हॉटेल बसत होतं, हे जेवण बसत नव्हतं. ते म्हणे 'वैयक्तिक'.

त्या वर्षी तिचं गाडं एका जागी अडलेलं होतं. नमुन्याचा अगदी पातळ थर करून तो द्रव इथेनमध्ये क्षणात गोठवतात. पण थर इतका पातळ की प्रोटीन जाऊन हवेच्या बाजूला चिकटतं आणि बिघडतं. तिचे आठ महिने यात गेले. पुढच्या वर्षी तिने पदरचे पैसे घालून तिकीट काढलं. शेजारच्या खुर्चीवर कोणी पोस्टडॉक होता. भाजी वाढून घेता घेता त्याने विचारलं, गोठवायच्या अगदी आधी थोडं चॅप्सो घालून बघितलंस का? चॅप्सो हे एक डिटर्जंट. परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला हवी तशी चित्रं मिळाली!

तुम्ही म्हणाल, हे पेपरात छापलेलं नसतं का? असतं की. तिने तो पेपर वाचलाही होता. पण असे वीस उपाय छापलेले असतात, आणि तुझ्या नमुन्याला यातला कुठला आधी लावून बघ, हे पेपर सांगत नाही. कशाकशाने काम झालं नाही ते तर कोणी छापतच नाही. ते जेवतानाच निघतं.

आपल्याकडे 'नेटवर्किंग' म्हटलं की लगेच वशिला आठवतो. मलाही आठवायचा. पण वशिला वेगळा आणि ओळख वेगळी. १९६२ साली मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला तो ओबेद सिद्दीकींमुळे. त्यांचं नाव होमी भाभांपर्यंत पोचवलं लिओ झिलार्ड यांनी, म्हणजे अणुभट्टीवाला आणि पुढे जीवशास्त्राकडे वळलेला भौतिकशास्त्रज्ञ. सिद्दीकी काही झिलार्डच्या नात्यातले नव्हते. एकाने दुसऱ्याचं काम बघितलं आणि तिसऱ्याला सांगितलं, एवढंच. पण बघायला माणूस समोर यावा लागतो ना.

मे महिन्यात बहीण गावी आली होती. मीही गेलो होतो. शेतात रोडग्यांचा कार्यक्रम होता, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. (यावर एक वेगळी पोस्ट होईल.) तिथे हा तिकिटाचा विषय निघाला तर आजी म्हणाली, "जेवाले पैसे? काऊन, पंगत नाही बसवत का थे लोकं?"

आम्ही हसलो. पण पंगतीत एक सोय असते खरी. आलात त्या क्रमाने बसायचं, शेजारी कोण ते आपण ठरवत नाही. बहिणीच्या त्या जेवणात मोठे प्रोफेसर एका टेबलावर आणि पहिल्यांदा आलेली पोरं दाराजवळच्या टेबलावर. तो पोस्टडॉक उशिरा आला म्हणून तिच्या शेजारी बसला, नाहीतर तोही तिकडेच गेला असता.

अर्थात पंगतीचे फार गोडवे गायला नकोत. कोणी कुठल्या पंगतीत बसायचं हे आपल्याकडे जातीवरून ठरत आलंय. समतानंद अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकर सत्यनारायण घालून सगळ्यांना एकत्र जेवायला बसवावं लागलं ते काय उगाच? जेवायला कोण कोणाशेजारी, हा प्रश्न कधीच साधा नव्हता.

मला खटकतं ते हे. मी क्लायंटबरोबर जेवायला गेलो की बिल कंपनी भरते, आणि त्या दोन तासांना काम समजते. मी तिथे करतो काय? पनीर खातो आणि हवापाण्यावर बोलतो. आणि जिचं आठ महिन्यांचं काम एका वाक्याने सुटलं, तिचं जेवण मात्र वैयक्तिक! विद्यार्थ्यांचं तिकीट नोंदणीच्या फीमध्येच घाला, नाहीतर प्रवासाच्या पैशांत मोजा. प्रोफेसरांच्या तिकिटात थोडे वाढले तरी कोणी उपाशी राहणार नाही. आणि प्रत्येक टेबलावर दोन खुर्च्या नवीन पोरांसाठी राखून ठेवा, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

बहिणीने त्या सबग्रुपला एवढीच दोन खुर्च्यांची ईमेल टाकली आहे. मसुदा आम्ही दोघांनी त्या रोडग्यांच्या दुपारी निंबाखाली बसून केला. अजून उत्तर नाही. आलं की इथे टाकतो.