सायकल रिक्षावाल्यांना हाकलून कोंडी सुटणार नाही



नागपूरच्या इतवारी-गांधीबागेत मालवाहू सायकल रिक्षांना दिवसा बंदी घाला, ही गेल्या आठवड्यात छापून आलेली एका वाचकाची मागणी मला अजिबात पटली नाही. कोंडी होते हे खरं. पण ती दुतर्फा उभ्या केलेल्या मोटारी आणि भर रस्त्यात माल उतरवणारे टेम्पो यांच्यामुळे.

उन्हाळा लागला की कूलर, गणेशोत्सवाआधी चितारओळीतल्या मूर्ती, लोहाओळीतून टोकाला लाल फडकं बांधलेल्या सळ्या, असं सगळं या रिक्षांवरूनच घरोघरी पोचतं. तो माल लादणं येरागबाळ्याचं काम नव्हे. वजन मागच्या आसाच्या किंचित पुढे यावं लागतं. मागे सरकलं की पुढचं चाक उचललं जातं, आणि बहुतेक रिक्षांना ब्रेक असतो तो नेमका पुढच्याच चाकाला! गिअर तर नाहीतच. चढ आला की चालक खाली उतरून ओढतो आणि मागून आपले हॉर्न सुरू होतात. याची मला लाज वाटते.

खरं तर हे कष्ट कमी करता येतात. फलटणच्या 'नारी' (निंबकर कृषी संशोधन) संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा सुधारण्याचं, तिला विजेची जोड देण्याचं काम २००० च्या सुमारासच केलं होतं. २०१४ मध्ये केंद्राच्या नियमांनी ई-कार्टला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तीनचाकी मालगाडीला, ३१० किलोपर्यंत माल नेण्याची मुभा दिली. महापालिकेने या चालकांना ई-कार्टसाठी स्वस्त कर्ज मिळवून द्यावं, बाजारात थांब्याची जागा आखून द्यावी आणि तिथेच चार्जिंगची सोय करावी. हे होईपर्यंत बंदीचा विषय काढू नये.

— एक वाचक, महाल, नागपूर