तबेले हलवाल, पण म्हशींना घास कुठून आणाल?

मालाडचे तबेले मुंबईबाहेर न्या, ही मागणी जुनीच. चर्चा मात्र जागेवरच अडते. चाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'आरएल-८८' हा लसूणघासाचा (लसणाशी संबंध नाही!) बहुवार्षिक वाण. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिली कापणी साधारण ५० दिवसांनी, पुढच्या महिन्याभराच्या अंतराने. सुक्या वजनात १८ ते २० टक्के प्रथिने, त्यामुळे महागडी पेंड थोडी कमी लागते. पण पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणजे पालघरच्या मुसळधार पावसात हा घास भरवशाचा नाही. तो घाटावरूनच आणावा लागेल. नव्या जागेच्या खर्चात ही रोजची वाहतूक आधीच धरायला हवी.

आणि हो, कोवळा ओला घास एकटा घालू नका, पोटफुगी होते. सोबत कडबा हवाच.